गिरणी मोजताना: लालबाग–परळ पट्ट्यातल्या एका बंद गिरणीच्या प्रकल्प नोंदी

काम एवढंच: एका बंद सूत-कापड गिरणीच्या जुन्या इमारतींचं मोजमाप, नकाशे, आणि भिंतीवर चुन्याच्या दरजांचा (विटांमधल्या सांध्यांचा) एक नमुना-तुकडा. चार भाग आहेत. तीन मजली सूतखातं, एकमजली साचेखातं (साचे म्हणजे यंत्रमाग), इंजिनघर-बॉयलरघर, आणि चिमणी. यंत्रं केव्हाच भंगारात गेली. गिरणीचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही.

२८ ऑक्टोबर

पाऊस सरल्यावरची पहिली फेरी. मोजमाप नाही, फक्त चालणं आणि कच्चा आराखडा.

सूतखात्याची इंजिनघराकडची भिंत पाहताना एक गोष्ट खटकली. जोत्यापासून वरच्या पन्हळीपर्यंत एक उभी पट्टी वेगळ्या विटेने बुजवलेली आहे, रुंदी साधारण १.८ मीटर. हाताशी असलेल्या अलीकडच्या नकाशात तिथे ‘बंद केलेलं दार’ लिहिलंय. तीन मजले उंच दार कशासाठी? नोंद करून ठेवली. उत्तर मिळेपर्यंत नकाशात ‘दार’ हा शब्द नेऊ नये.

३१ ऑक्टोबर

कागदपत्रांचा दिवस. मुंबईतल्या गिरणीचा माग काढताना पहिली अडचण नावांची. मालक बदलला की नाव बदलतं. जेकब ससून मिल ही पुढे इंडिया युनायटेड नंबर १ झाली. १९७४ च्या राष्ट्रीयीकरणानंतर अनेक गिरण्यांवर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची पाटी आली. त्यामुळे शोध नावाने न घेता जागेने घ्यावा. सिटी सर्व्हे क्रमांक आधी, नाव नंतर.

लॉटनच्या मुंबई शहर सर्वेक्षणाचे (१८६५–७२) नकाशे ४० फुटाला १ इंच, म्हणजे १:४८० प्रमाणात आहेत. एवढ्या मोठ्या प्रमाणात विहीर, तलाव, कुंपणाची भिंत सगळं दिसतं. या जागी तेव्हा शेत आणि तळं होतं. तळ्याचा आकार आजच्या आवारातल्या कोरड्या टाकीशी जुळतो. इंजिनाची वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरला थंड पाणी लागायचं, म्हणून गिरण्या तळ्याकाठी बसल्या किंवा त्यांनी तळं खोदून घेतलं. परळ-लालबागमधल्या गिरण्यांच्या जागा समजून घ्यायच्या तर कापसाच्या आधी पाणी शोधावं.

मिल ओनर्स असोसिएशन (स्थापना १८७५) चात्या (सूत कातणाऱ्या यंत्रावरच्या फिरत्या सळ्या) आणि साच्यांचे आकडे छापत असे. इमारत कधी वाढली हे अशा आकड्यांवरून कळतं: चात्या एकाएकी वाढल्या असतील तर त्या सुमाराला नवा मजला किंवा नवी शेड शोधावी.

४ नोव्हेंबर

सूतखात्याचा तळमजला मोजायला घेतला. इथे नेहमीची चूक होते: एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत, मग दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत, असं सुटं माप घेत जाणं. जुनी बांधणी फूट-इंचात आहे. इथला गाळा (दोन खांबांमधलं अंतर) १० फूट ६ इंचांचा, म्हणजे ३.२० मीटर. मोजणाऱ्याने प्रत्येक वेळी माप ५ सेंटीमीटरने सोप्या आकड्याकडे वळवलं, तर २० गाळ्यांत मीटरभर फरक पडतो. म्हणून टेप एकदाच लावायचा, शून्य एका कोपऱ्यात ठेवायचं, आणि चढती मापं लिहायची: ३.२०, ६.४०, ९.६१... चूक झाली तरी ती त्या एका खांबापुरती राहते.

चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजल्याशिवाय खोली काटकोनात आहे असं धरायचं नाही. इथे ११ सेंटीमीटरचा फरक निघाला. रस्त्याच्या बाजूची भिंत रस्त्याला समांतर आहे, इमारतीला नाही.

लेझर मोजणी-यंत्र आत चालतं. बाहेर दुपारच्या उन्हात लाल ठिपका दिसत नाही, आणि खिडकीच्या काचेवर किरण आरपार जातो. तिथे पुठ्ठा धरावा.

६ नोव्हेंबर

बिडाचे (ओतीव लोखंडाचे) खांब. गोल, पोकळ, वर पानांची नक्षी नसलेला साधा माथा. प्रत्येक खांबाला क्रमांक दिला.

बीड की पोलाद हे ठरवल्याशिवाय दुरुस्तीचा विचारच नको. ओतीव बिडाला ओतकामाच्या साच्याच्या दोन भागांची उभी शिवण दिसते, तुटलेली कड दाणेदार आणि राखाडी असते. लाटलेल्या पोलादी तुळईच्या उभ्या पट्टीवर बऱ्याचदा कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. मिडल्सब्रोच्या डॉर्मन लाँगचं नाव जुन्या मुंबईत पुष्कळ ठिकाणी सापडतं. रंगाचे थर तारेच्या ब्रशने हलक्या हाताने काढून पाहावं, ग्राइंडर लावला की अक्षरं जातात.

बीड दाब उत्तम सोसतं, ताण सोसत नाही. वेल्डिंग केलं की शेजारी नवी भेग पडते. भेगाळलेला खांब थंडपणे धातूचे टाके घालून जोडतात. दोन खांबांना आधीच कुणीतरी वेल्डिंगने पट्ट्या मारल्या आहेत; त्यांच्या खाली टेकू द्यायला सांगितलं.

७ नोव्हेंबर

खांबांची जाडी. पोकळ खांब आडवा ओतत तेव्हा आतला गाभा वर तरंगे, म्हणून एक बाजू पातळ आणि समोरची जाड असते. एकाच खांबावर चार बाजूंना माप घेतलं: १६, २१, २७, २२ मिलिमीटर. सरासरी घेऊ नये, सगळ्यात कमी आकडा धरावा.

अल्ट्रासॉनिक जाडीमापक पोलादावर बेतलेलं असतं. बिडात आवाजाचा वेग कमी असतो, आणि तो बिडागणिक बदलतो, म्हणून यंत्र जाडी फुगवून दाखवतं. आवारात पडलेल्या एका तुटक्या खांबाच्या तुकड्यावर आधी कॅलिपरने माप घेतलं, मग त्यावर यंत्र जुळवलं. असा तुकडा मिळाला नाही तर आकडे वहीत लिहू नयेत.

१३ नोव्हेंबर

बुजवलेली पट्टी पुन्हा पाहिली. दोन्ही कडांना सरळ उभा सांधा आहे, विटा एकमेकींत गुंफलेल्या नाहीत. म्हणजे भिंत आधी, भर नंतर. आतल्या बाजूने प्रत्येक मजल्याच्या पातळीवर, पट्टीच्या काठाला घडीव काळ्या दगडाची एकेक ठोकळी बसवलेली आहे. ठोकळीवर चार बोल्टांची भोकं, आणि भोवतीचा दगड तेल पिऊन काळाकुट्ट.

दार नव्हे, हा दोरांचा मार्ग. वाफेच्या इंजिनाच्या मोठ्या चाकाला परिघावर खाचा असत; त्यांतून सुती दोर निघून वरच्या मजल्यांवरच्या कप्प्यांना फिरवत. प्रत्येक मजल्याला आपले वेगळे दोर. हा मार्ग खालपासून वरपर्यंत मोकळा, मध्ये जमीन नाही. ठोकळ्यांवर मुख्य दांड्याची (शाफ्टची) बेअरिंगं बसत. तिथून दांडा खात्याच्या टोकापर्यंत जाई, आणि त्याला लोंबणारे कातडी पट्टे यंत्रं चालवत.

आता खांबांवरची ती विचित्र भोकंही कळतात. दर खांबाला एकाच उंचीवर दोन भोकं आहेत, ती दांड्याच्या कंसांची. भिंती, खांब, भोकं यांच्यावरून दांडा परत काढता येतो. नकाशात तो तुटक रेषेने दाखवला.

१८ नोव्हेंबर

दोरमार्ग कधी बुजवला? वाफ गेल्यावर. टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना १९१५ पासून वीज मिळू लागली आणि हळूहळू मोटारी आल्या. सूतखात्याच्या कोपऱ्यात कापलेल्या बोल्टांचे आयताकृती चौथरे आहेत, ते मोटारींचे. भर त्यानंतरची असावी. खात्री करायला चुना तपासायचा.

२१ नोव्हेंबर

चुन्याची चाचणी. मूळ भिंत, पट्टीतली भर आणि चिमणीचं जोतं, अशा तीन ठिकाणचे नमुने. दरजेच्या वरच्या २ सेंटीमीटरचा भाग टाकून आतला घ्यायचा, वरचा बहुधा नंतरचा असतो. ५० ग्रॅम नमुना वाळवून, कुटून (दळून नाही) सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला.

मूळ भिंत: जोरात फसफसलं, तळाशी लालसर दाणे आणि वाळू. लाल म्हणजे सुरखी, विटेची पूड. भर: फसफस थोडी, पाणी राखाडी, तळाशी चिकट गाळ. म्हणजे सिमेंट. चिमणीचं जोतं: मूळ भिंतीसारखंच.

दोन इशारे. वाळूत शिंपल्यांचे तुकडे असतील तर तेही आम्लात विरघळतात आणि चुन्याचं प्रमाण खोटं जास्त दिसतं. म्हणून आधी भिंगातून पाहावं. दुसरं, एकट्या सिमेंटवरून साल ठरवू नये. पोरबंदरचा कारखाना १९१४ मध्ये सुरू झाला, पण त्याआधी विलायती सिमेंट बंदरात येतच होतं. इथे सिमेंट, सरळ सांधा आणि मोटारींचे चौथरे हे तिन्ही एकाच बाजूला बोट दाखवतात, म्हणून मान्य.

२ डिसेंबर

साचेखातं. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, दात्याची उभी बाजू उत्तरेला आणि तिला काच. उत्तरेचा उजेड सावली न पाडता येतो, तुटलेला धागा दिसतो. ही रचना लँकेशायरची आहे, पण अक्षांश मुंबईचा, १९ अंश. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य इथे डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे उत्तरेच्या काचेतूनही ऊन येणार. जुन्या काचांच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाचे थर आहेत. हा रंग खरवडून ‘मूळ’ काच दाखवायचा मोह टाळावा. तो रंगही कामाचाच भाग होता.

सूतखातं तीन मजली आणि साचेखातं जमिनीवर, हेही उगीच नाही. हातमागाच्या उलट, यंत्रमागाच्या धोट्याचे (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या भागाचे) धक्के एकाच तालात बसू लागले तर वरचा मजला हलतो.

५ डिसेंबर

छपराच्या दऱ्यांमधल्या बिडाच्या पन्हळी. एका दरीचं पाणलोट ७ बाय ३० मीटर, म्हणजे २१० चौरस मीटर. तासाला ६० मिलिमीटर पाऊस धरला तर १२.६ घनमीटर, सेकंदाला साडेतीन लिटर पाणी. हे पाणी पन्हळीच्या टोकाला पोकळ खांबातून खाली नेलेलं आहे. खांब म्हणजेच नळ. रचना हुशारीची, पण खांबात माती आणि पिंपळाची मुळं साचली की पाणी तिथेच उभं राहतं आणि बीड आतून गंजतं. बाहेरून खांब ठणठणीत दिसतो. तीन खांबांच्या पायथ्याला बोटाने ठोकल्यावर बद्द आवाज आला. जाडी ९ मिलिमीटर भरली. या तिन्ही खांबांचं पाणी बाहेरच्या नव्या नळाने काढायचं.

पिंपळ-उंबर ओढून काढू नयेत, मुळाबरोबर दरज आणि वीटही येते. खोड कापून लगेच औषध लावावं, मूळ मेल्यावर पोकळीत पातळ चुना भरावा.

काही दात्यांवर मंगलोरी कौलं जाऊन ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे आले आहेत. ते फोडायचे नाहीत, कापायचे नाहीत, ओले करून अखंड उतरवायचे.

९ डिसेंबर

साचेखात्याची शहाबादी फरशी धुऊन घेतली आणि मग खरी गंमत दिसली. प्रत्येक साच्याच्या पायांची भोकं, काहींत लाकडी खुंट्या तशाच. पूर्ण फरशीवर दोरीची चौकट टाकून (१ मीटर बाय १ मीटर) वरून फोटो घेतले आणि भोकं नकाशावर उतरवली.

भोकांचे दोन संच निघाले. जुना संच जोडीजोडीने: दोन साचे तोंडाला तोंड, मध्ये विणकराची बोळ. मुंबईत एक विणकर सहसा दोन साचे सांभाळी. नव्या संचात बोळ अरुंद केलेली आणि रांगा सलग. एका माणसाकडे दोनाऐवजी तीन-चार साचे देण्याची योजना विसाच्या दशकाच्या शेवटी आली आणि तीच १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपामागचं मोठं कारण होती. गिरणी कामगार युनियन त्याच वर्षी उभी राहिली. या फरशीवरचा बदल त्याच वर्षाचा आहे असं भोकं सांगत नाहीत. मांडणी कामाच्या त्याच वाटणीशी जुळते, एवढं म्हणता येतं. संपाची छायाचित्रं जपली जातात आणि फरशी उखडून टाइल्स लागतात, हे उलटं आहे. या भागाचा नकाशा १:५० वर काढायचा, बाकी सगळा १:१००.

११ डिसेंबर

ब्लोरूम. कापसाच्या गाठी फोडायची जागा, मुख्य इमारतीपासून जाड भिंतीने तोडलेली, दोन्ही बाजूंना लोखंडी सरकती दारं. कापसात आलेला खिळा यंत्राच्या दात्यावर घासला की ठिणगी, आणि हवेत तरंगणारा कापूस लगेच पेटतो. जिन्याच्या मनोऱ्यावरची टाकी शोभेची नव्हे, आगीच्या फवाऱ्यांची. दारांची चाकं अडकली आहेत. काढू नयेत.

६ जानेवारी

चिमणीची उंची. परांची बांधण्याआधी जमिनीवरून.

कोनाची पद्धत: पायथ्याच्या भिंतीपासून ४० मीटरवर उभं राहून माथ्याचा कोन घ्यायचा. पण अंतर ४० नव्हे. पायथा ४ मीटर रुंद, म्हणजे मधल्या अक्षापर्यंत ४२; माथ्याची दिसणारी कड अक्षाच्या १ मीटर अलीकडे, म्हणून ४१. कोन ४५ अंश आला, तर ४१ अधिक डोळ्याची उंची १.५, म्हणजे ४२.५ मीटर. हे गणित न करता ४० धरलं की मीटरभर कमी येतं. कोनात एका अंशाची चूक झाली तर जवळपास दीड मीटर इकडेतिकडे. दुसऱ्या बाजूने ४२.१ आलं.

पडताळा विटांच्या थरांनी. खाली दहा थरांची उंची मोजली, ८२ सेंटीमीटर. म्हणजे थर ८.२ चा. मोठ्या झूमच्या फोटोवर थर मोजले, ४९४. त्यात १.८ मीटरचं दगडी जोतं मिळवलं की ४२.३. तिन्ही आकडे जवळ आहेत. नोंदीत ‘सुमारे ४२ मीटर’ लिहिलं. दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे लिहून अचूकतेचा देखावा नको.

८ जानेवारी

चिमणीचा कल. काटकोनातल्या दोन दिशांनी टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) लावून. कल ईशान्येला, थोडासा. कारण ओळखीचं आहे: कोळशाच्या धुरातलं गंधक आणि ओल मिळून दरजेतल्या चुन्याचं सल्फेट होतं आणि दरज फुगते. नैऋत्येची बाजू पावसाळी वाऱ्याने जास्त भिजते, तिकडच्या दरजा जास्त फुगतात, चिमणी विरुद्ध दिशेला झुकते. झुकली म्हणून लगेच पाडायची गरज नसते. कल वाढतोय का हे पाहावं लागतं. वर्षातून दोनदा, त्याच बिंदूवरून, सकाळच्याच वेळी, कारण दुपारच्या उन्हानेही चिमणी हलते.

आतलं अग्निविटांचं अस्तर बाहेरच्या भिंतीला बांधलेलं नाही, मध्ये पोकळी आहे. तापल्यावर त्याला फुलायला जागा हवी. ही पोकळी ‘भरून मजबूत’ करायची सूचना आली होती. नको. पडणारी वीज जमिनीत नेणारा तांब्याचा पट्टा खालून माणसाच्या उंचीपर्यंत चोरीला गेलाय. पावसाळ्याआधी हे एक काम व्हायलाच हवं.

मॉलच्या आवारात एकटी जपलेली चिमणी म्हणजे दांडीविना छत्री. बॉयलरघर आणि धुराचा भुयारी मार्ग यांचा नकाशा चिमणीच्याच पानावर काढला.

२० जानेवारी

चुना भिजवला. १० किलो कळीचा चुना, पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी नाही. उलट केलं तर उकळून अंगावर उडतो. चष्मा आणि हातमोजे. ३ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळून पिंपात, वर चार बोटं पाणी. किमान महिना.

२४ फेब्रुवारी

भिंतीच्या सावलीतल्या भागात चार नमुने, प्रत्येकी एक चौरस मीटर. दरजा हाताच्या छिन्नीने २५ मिलिमीटर खोल उकरल्या. ग्राइंडर विटेची कड खातो आणि दरज कायमची रुंद होते.

अ) चुना १, वाळू ३. आ) चुना १, सुरखी १, वाळू २. इ) ‘आ’प्रमाणे, शिवाय गूळ-हिरड्याचं पाणी. ई) तुलनेसाठी सिमेंट १, चुना १, वाळू ६, हा फक्त आवारातल्या पडक्या भिंतीवर. वाळू नदीची, बरणीत मिठाच्या पाण्याबरोबर हलवून गाळाचा थर पाहिलेली. वर सात दिवस ओली गोणपाटं. दरज लवकर सुकू दिली की चुना पूड होऊन हाताला लागतो.

१८ मार्च

‘अ’ अजून नखाने खरवडला जातो. ‘आ’ घट्ट. ‘इ’ सगळ्यात चिवट, पण त्यावर काळी बुरशी आणि मुंग्या; गूळ जास्त झाला. ‘ई’ दगडासारखा कडक आणि त्याच्या शेजारच्या विटांवर पांढरा लोणा. भिंतीतली ओल सिमेंटमधून निघू शकत नाही, ती विटेतून निघते, क्षार विटेच्या तोंडाशी जमतात आणि तोंडच सुटून पडतं. नेमकं हेच बुजवलेल्या दोरमार्गाच्या दोन्ही कडांना घडलेलं आहे.

‘आ’ निवडला.

२९ एप्रिल

भर काढायची का? नाही. ती गिरणीच्या विजेच्या काळाची खूण आहे, आणि काढताना बेअरिंगच्या ठोकळ्या सैल होतील. कडांच्या दोन-दोन विटांतले सिमेंटचे सांधे तेवढे उकरून ‘आ’ भरला, म्हणजे ओलीला वाट मिळेल. पट्टीच्या माथ्यावर पाणी मुरत होतं, तिथे चुन्याचा उतार दिला.

भेग वाढते का पाहायला तिच्यावर काचपट्टी लावली नाही. काच फक्त फुटली एवढंच सांगते. किती आणि कुठल्या दिशेने ते नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना पितळी खिळे, मधलं अंतर डिजिटल कॅलिपरने: १००.४२ मिलिमीटर, सकाळी ८ वाजता.

३ जून

नकाशे पूर्ण: २१ पानं. दोरमार्गाच्या पानावर ‘दार’ खोडून ‘दोरमार्ग, नंतर बुजवलेला’.

१९ जून

चार दिवस सलग पाऊस. नव्या नळातून तिन्ही खांबांचं पाणी बाहेर. साचेखात्याच्या पाचव्या दरीत गळती, पन्हळीचा सांधा सुटलाय. बुजवलेल्या पट्टीची डावी कड कोरडी, उजवीकडे दुसऱ्या मजल्याच्या ठोकळीखाली तळहाताएवढा ओला डाग. खिळ्यांमधलं अंतर सकाळी ८ वाजता: १००.४५.